ईआरपी आलं, डिपार्टमेंटं फिरवली, तरी डिस्पॅच महिनाअखेरीलाच का

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. चाकणच्या बाजूला प्रेस शॉप, म्हणजे पत्रा दाबून पार्ट काढणारा कारखाना, परमनंट आणि कॉन्ट्रॅक्ट मिळून दीडेकशे माणसं. दोन वर्षांपूर्वी ईआरपी, म्हणजे स्टोअर, उत्पादन, बिलं सगळं एकत्र धरणारं सॉफ्टवेअर, घेतलं, गेल्या वर्षी कन्सल्टंट लावून प्लॅनिंग वेगळं, प्रॉडक्शन वेगळं, क्वालिटी वेगळी असा नवा चार्ट बनवला, दोन मॅनेजर वाढवले, आणि एवढं करून माणशी उत्पादन जिथल्या तिथं, माल निघतो तो 25 तारखेनंतर रात्री जागूनच. आता सॉफ्टवेअर बदलू की माणसं बदलू, असं विचारताय.

दोन्ही नका बदलू, निदान आत्ता तरी. मी आधी शॉपवर इंडस्ट्रियल इंजिनिअर होतो आणि नंतर बरीच वर्षं ईआरपी बसवण्याच्याच कामात, भोसरी, चाकण, रांजणगाव, वाळूज सगळीकडे फिरलोय, आणि तुमच्यासारखी तक्रार इतक्या ठिकाणी ऐकलीय की त्यामागचं कारण आता तोंडपाठ झालंय. सॉफ्टवेअरने माहिती लवकर पोचते, बरोबर, पण ती माहिती ज्याच्यापर्यंत पोचली त्याला त्यावर काही करायचा हक्क नसेल तर ती नुसती पोचून पडून राहते. आणि तुम्ही चार्ट बदललात म्हणजे माणसांच्या नावांच्या पाट्या बदलल्या, काय कोणी ठरवायचं ते बदललं का? माझी खात्री आहे की अजूनही सगळं तुमच्या केबिनमध्येच ठरतं.

आधी स्टोअरमध्ये जाऊन बसा एक दिवस, तुम्ही मालक म्हणून नाही, नुसते बाजूला स्टूल टाकून. बहुतेक ठिकाणी दिसतं ते असं की सकाळी ब्लँकिंगचा, म्हणजे पत्र्याचे तुकडे कापायच्या मशीनवरचा, माणूस कॉइल (पत्र्याची गुंडाळी) न्यायला येतो, स्टोअरवाला कागदाच्या इश्यू स्लिपवर त्याची सही घेतो, कॉइल देतो आणि स्लिप खिळ्याला टोचतो. दिवसभर खिळ्यावर स्लिपा साठत जातात. संध्याकाळी पाचनंतर एंट्री करणारा पोरगा तो गठ्ठा घेऊन बसतो आणि सिस्टिममध्ये मारतो, त्यात एखादी स्लिप फाटलेली, एखाद्यावर पार्ट नंबर अर्धवट, एखादी कुणाच्या खिशातच राहिलेली. म्हणजे सिस्टिममधला स्टॉक कायम एक दिवस शिळा आणि थोडासा खोटा. महिनाअखेरीला काही आयटमांना मायनस स्टॉक दिसतो, मग अकाउंट्सवाले एक ॲडजस्टमेंट एंट्री मारून तो शून्यावर आणतात आणि सगळे गप्प बसतात. प्लॅनिंगवाल्याला हे सगळं माहीत असतं, म्हणून तो सिस्टिम उघडतच नाही, त्याची स्वतःची एक्सेल असते, 'फायनल नवीन 2' असल्या नावाची, आणि ती फक्त त्यालाच कळते. तो रजेवर गेला की प्लॅनिंग रजेवर. आणि तुम्ही स्वतः सुपरवायझरांचा व्हॉट्सॲप ग्रुप काढून तिथं विचारता, अमुक पार्ट किती झाला रे. तुम्ही ग्रुपवर विचारलं की सगळ्यांना कळतं की खरी सिस्टिम हीच, मग ईआरपीत कोण कशाला वेळेवर एंट्री करील?

आता यात सॉफ्टवेअरचा काय दोष आहे सांगा. मुळात आपल्याकडच्या लहान-मध्यम कंपन्यांनी ईआरपी घेतलं ते शॉपसाठी नाहीच, जीएसटी 1 जुलै 2017 ला आलं, 2018 मध्ये माल वाहतुकीचं ई-वे बिल, मग 2020 पासून मोठ्यांना ई-इन्व्हॉइस, ते खाली येत येत ऑगस्ट 2023 पासून 5 कोटींच्या वर उलाढाल असलेल्या सगळ्यांना. म्हणजे बिलं नीट जायला पाहिजेत हा धाक होता आणि विकत घेताना सीएचा सल्ला घेतला होता. तो भाग उत्तम चालतो, त्याबद्दल तुमची तक्रार नाहीच आहे. उत्पादनाचं मॉड्यूल मात्र पॅकेजमध्ये फुकट होतं म्हणून आलं, त्यासाठी कामाची पद्धत कोणी बदलली नाही.

हे काय आपल्याच नशिबी आलंय असं समजू नका. अमेरिकेत 1987 मध्ये रॉबर्ट सोलो नावाच्या अर्थतज्ज्ञाने, त्याच वर्षी त्यांना नोबेलही मिळालं, एक टोमणा मारला होता की कॉम्प्युटरचं युग सगळीकडे दिसतंय, फक्त उत्पादकतेच्या आकड्यांत दिसत नाही. त्यावर खूप डोकेफोड झाली. मला त्यातलं सगळ्यात पटलेलं उत्तर पॉल डेव्हिड या आर्थिक इतिहासकाराचं, 1990 मधलं, कारण ते कारखान्यातलं आहे. एडिसनचं न्यूयॉर्कमधलं वीजकेंद्र 1882 मध्ये सुरू झालं, पण 1900 साली अमेरिकेतल्या कारखान्यांत विजेच्या मोटरवर चालणारी ताकद 5 टक्क्यांच्या आत होती, आणि निम्म्यावर जायला 1920 च्या आसपासचा काळ उजाडला. आणि ज्यांनी आधी मोटर घेतली त्यांनी काय केलं, तर वाफेचं इंजिन काढलं आणि त्याच जागी एक मोठी मोटर बसवली! सगळ्या मशीनांना फिरवणारा छताखालचा लांब शाफ्ट तोच, पट्टे तेच, मशीनं शाफ्टच्या रांगेत तशीच. कोळशाचा थोडा खर्च वाचला, बाकी काही नाही. खरा फायदा झाला तो प्रत्येक मशीनला स्वतःची मोटर लागल्यावर, कारण मग मशीन शाफ्टला बांधलेलं राहिलं नाही, माल ज्या क्रमाने पुढं जातो त्या क्रमाने मशीनं मांडता आली, एकमजली ऐसपैस शेड बांधता आली, एक मशीन दुरुस्तीला काढलं तर अख्खी रांग थांबवावी लागेना. हे सगळं लक्षात यायला एक पिढी गेली. तुमचं ईआरपी सध्या त्या जुन्या शाफ्टला जोडलेल्या मोठ्या मोटरसारखं चाललंय.

बरं, परदेशातलं राहू द्या, आपल्या पालघर जिल्ह्यातलंच उदाहरण आहे आणि मला नेहमी आश्चर्य वाटतं की जगभरच्या मॅनेजमेंट कॉलेजांत ते शिकवतात पण आपल्या एमआयडीसीतल्या लोकांना माहीत नसतं. 2008 मध्ये स्टॅनफर्ड आणि जागतिक बँकेच्या संशोधकांनी, निकोलस ब्लूम, डेव्हिड मॅकेन्झी वगैरे मंडळी, तारापूर आणि त्याच्या पलीकडे गुजरातच्या हद्दीतलं उंबरगाव इथल्या कापड विणणाऱ्या 17 कंपन्या घेतल्या. लहान दुकानं नव्हेत, बऱ्यापैकी मोठे, घरचे लोक चालवतात असे कारखाने. चिठ्ठ्या टाकल्यासारखं करून काही प्लँटना मोठ्या कन्सल्टिंग कंपनीची माणसं पाच महिने फुकट दिली, एक महिना तपासणी आणि चार महिने सुधारणा, आणि तुलनेसाठी उरलेल्यांना फक्त तपासणीचा महिना.

तपासणीत काय दिसलं ते तुम्ही ऐकाल तर म्हणाल हे आमच्याकडचंच लिहिलंय. सुताचे ढीग पडलेले, कुठला लॉट कुठं त्याची नोंद नाही. हत्यारं आणि भंगार जमिनीवर. लूम (माग) बंद पडला की मेकॅनिक, तोपर्यंत देखभाल नाही. कापडातले दोष रोज कुणीतरी लिहून ठेवायचा पण ते आकडे घेऊन कुणी बसायचं नाही, आणि दोष इतके की कामगारांतला जवळपास पाचवा हिस्सा नुसता कापड तपासून रफू करण्यात गुंतलेला. मालकांना विचारलं तर उत्तर, आमची क्वालिटी बाजूच्यांपेक्षा वाईट नाही, धंदा नफ्यात आहे, मग कशाला?

मग त्यांनी 38 साध्या गोष्टी धरल्या. स्टोअरला रॅक आणि लेबलं, दोषांची रोज नोंद आणि रोज सकाळी त्यावर दहा-पंधरा मिनिटांची मीटिंग, मशीन देखभालीचं कॅलेंडर, कामगार आणि सुपरवायझरला कामाप्रमाणे बक्षीस, असल्याच. यातल्या एकीलाही महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. पहिल्या वर्षात उत्पादकता 17 टक्क्यांनी वाढली, तुलनेतल्या प्लँटपेक्षा. आणि माझ्या दृष्टीने खरी गंमत पुढं आहे. आकडे रोज यायला लागले म्हणून ते साठवायला, बघायला कॉम्प्युटरचा वापर आपोआप वाढला. आणि आकडे विश्वासाचे आहेत म्हटल्यावर मालकांनी प्लँट मॅनेजरला जास्त गोष्टी स्वतः ठरवायला दिल्या. क्रम बघा हं, आधी कामाची शिस्त, त्यातून आकडे, आकड्यांसाठी कॉम्प्युटर, आणि मग हक्क खाली उतरले. आपण उलट्या टोकाने सुरुवात करतो, कॉम्प्युटर पहिला घेतो आणि बाकीचं त्याच्या मागून येईल म्हणून वाट बघत बसतो.

त्याच अभ्यासात आणखी एक बोचरी गोष्ट निघाली. तिथल्या कंपनीचा आकार कशावर ठरतो, तर घरात विश्वासाचे पुरुष किती आहेत त्यावर. दोन मुलगे, एक पुतण्या असेल तर तीन प्लँट, नाहीतर एकच. कारण बाहेरच्या मॅनेजरवर भरवसा नाही, चोरी करेल ही भीती, म्हणून सही सगळी घरातल्यांची. तुमच्याकडे चुलतभाऊ परचेस बघतात असं तुम्ही लिहिलंय, म्हणून सांगितलं, राग मानू नका.

संशोधक 2017 मध्ये परत गेले होते बघायला. त्या 38 पैकी ज्या सवयी लागल्या होत्या त्यातल्या साधारण निम्म्या सुटल्या होत्या, मुख्यतः प्लँट मॅनेजर बदलला किंवा मालकाला वेळ राहिला नाही म्हणून. तरी ज्यांना मदत मिळाली होती ते बाकीच्यांच्या पुढंच होते आणि काही पद्धती त्याच कंपनीच्या दुसऱ्या प्लँटांत पसरल्याही होत्या. म्हणजे एकदा लावलं की कायमचं झालं असं नाही, पण पाण्यातही जात नाही.

उलटं टोक बघायचं असेल तर जनरल मोटर्स. 1980 च्या दशकात त्यांनी रोबो आणि ऑटोमेशनवर अब्जावधी डॉलर घातले. त्याच काळात कॅलिफोर्नियातला फ्रीमाँटचा त्यांचा प्लँट, दांड्या, भांडणं, खराब गाड्या यासाठी कुप्रसिद्ध, 1982 मध्ये बंद केला. 1984 मध्ये टोयोटाबरोबर भागीदारीत तोच प्लँट पुन्हा उघडला, नाव नुम्मी. कामगार बहुतेक तेच, युनियन तीच. रोबोंची रेलचेल नव्हती. बदललं काय, तर माणसं छोट्या टीममध्ये बांधली, डझनावारी पदं होती ती मोजक्यांवर आणली, आणि लाइनवरच्या कुठल्याही कामगाराला दोष दिसला तर दोरी ओढून लाइन थांबवायचा हक्क दिला. दोनेक वर्षांत तो प्लँट जीएमच्या सगळ्यात चांगल्या प्लँटांत गेला. पण जीएमला ते आपल्या बाकीच्या प्लँटांत उतरवायला फार वर्षं लागली, कारण दोरी लावणं सोपं, ती ओढणाऱ्यावर साहेबाने न ओरडणं अवघड. (नुम्मी 2010 मध्ये बंद झाला, आता तिथं टेस्ला आहे.)

आता तुमच्या शॉपवर ती दोरी कुठली आहे ते सांगतो, कारण प्रेस शॉपमध्ये ती जवळजवळ नेहमी एकाच ठिकाणी असते, फर्स्ट पीस ॲप्रूव्हल, म्हणजे पहिला नग तपासून पास करणं. सेटर प्रेसवर डाय, म्हणजे पार्टचा साचा, लावतो, पहिला पीस काढतो, आणि मग तो पीस हातात घेऊन हेल्पर क्वालिटीच्या खोलीकडे जातो. इन्स्पेक्टर दुसऱ्या लाइनवर गेलेला, किंवा चहाला, किंवा कस्टमरच्या ऑडिटरबरोबर. प्रेस उभा, ऑपरेटर उभा, अर्धा-पाऊण तास सहज जातो आणि हे दिवसातून प्रत्येक सेटिंगला. एका पार्टीकडे आम्ही हे बघितलं तेव्हा त्यांनी नुकताच प्रत्येक प्रेसवर स्ट्रोक (प्रेसचा एकेक ठोका) मोजणारा सेन्सर आणि मोठी स्क्रीन लावली होती, मशीन उभं राहिलं की लाल. दिवसभर लाल. मालक केबिनमधून लाल बघायचे आणि फोन करायचे, सुपरवायझर फोन घ्यायचा आणि क्वालिटीकडे पळायचा. लाल का आहे हे सगळ्यांना माहीत होतं, पण सही क्वालिटीचीच लागते असा नियम आणि तो कस्टमरच्या ऑडिटसाठी केलेला. शेवटी कंट्रोल प्लॅनमध्येच, म्हणजे तपासणीच्या लेखी आराखड्यातच, दुरुस्ती केली, कस्टमरची रीतसर मंजुरी घेऊन. सेटरना गेज (माप तपासायचं साधन) वापरायचं ट्रेनिंग, परीक्षा घेऊन सर्टिफाय केलं, नेहमीच्या पार्टांचा फर्स्ट पीस सेटरनेच पास करायचा, टॅबवर मापं भरायची, क्वालिटीने नंतर येऊन बघायचं आणि नवीन पार्ट किंवा डाय दुरुस्तीनंतरचा पार्ट असेल तरच आधी सही. स्क्रीन तीच राहिली, पण आता लाल दिसलं तर ते खरंच ब्रेकडाउन असायचं. म्हणजे तो सेन्सरचा खर्च वसूल व्हायला लागला तो सेटरच्या हातात गेज आणि सही आल्यावर.

दुसरी जागा म्हणजे तुमचा प्रॉडक्शन बोनस. स्ट्रोकवर पैसे असतील तर कुठलाही शहाणा ऑपरेटर डाय बदलायला नाखूश असणार, तो एकदा लावलेल्या डायवर तीन दिवस तोच पार्ट काढत बसेल, आणि तुम्ही सिस्टिममधून कितीही छोट्या लॉटचं शेड्यूल काढा, मालाचे बिन (डबे) भरून राहतील नको त्या पार्टने. अमेरिकेत एमआयटीच्या लोकांनी एका मेडिकल वस्तू बनवणाऱ्या कंपनीचा अभ्यास केला होता, खरं नाव न देता मॅक्रोमेड म्हटलंय, तिथं हेच. पटकन बदलता येणारी नवी कॉम्प्युटर कंट्रोलची मशीनं आणली आणि कामगारांनी ती जुन्यासारखीच, लांब लांब रनवर चालवली, कारण मशीन थांबवायचं नाही हेच आयुष्यभर शिकले होते. तेव्हा बोनस टीमवर ठेवा, वेळेवर आणि पहिल्या फटक्यात पास झालेल्या मालावर. वेतन करार चालू असेल तर युनियनशी आधी बोला, मधेच खेळ करू नका, विश्वास एकदा गेला की कुठलाही आकडा खरा येणार नाही.

तिसरी गोष्ट कोणी उघड बोलत नाही, ती तुमचे जुने सुपरवायझर. त्यांची किंमत कशात होती, तर कुठला माल कुठं पडलाय हे फक्त त्यांना माहीत असायचं. तुम्ही ते सिस्टिमवर आणताय म्हणजे त्यांच्या दृष्टीने त्यांचा पत्ता कट करताय, मग एंट्री उशिरा होणार, चुकीची होणार, 'साहेब सिस्टिम स्लो आहे' होणार. त्यांना रागावून उपयोग नाही. त्यांना दुसरं वजन द्या, सकाळची मीटिंग त्यांनी घ्यायची, ओव्हरटाइम आणि माणसं इकडून तिकडं हलवणं त्यांनी ठरवायचं, ठरावीक रकमेपर्यंतची स्पेअरची खरेदी त्यांच्या सहीने. वाढवलेल्या दोन मॅनेजरांचं काय करायचं ते तुम्ही बघा, माझ्या मते मधली एक पायरी वाढली एवढंच झालंय.

करायचं कसं म्हणाल तर अख्ख्या कंपनीत एकदम काही करू नका. एक कस्टमर किंवा एक पार्ट फॅमिली (सारख्या पार्टांचा गट) धरा, जिथं महिन्याचा माल नियमित जातो. त्या मालापुरती स्टोअरची कागदी स्लिप बंद, खिळाच काढून टाका, कॉइल देतानाच स्कॅन करून एंट्री आणि एंट्री नसेल तर माल नाही, मग मागणारा तुमचा भाऊ का असेना. पहिले काही आठवडे बोंबाबोंब होईल, उत्पादन खालीही येईल, ते धरूनच चाला, मोठ्या कस्टमरच्या शेड्यूलच्या तोंडावर सुरू करू नका. अमेरिकेत हर्शे चॉकलेटवाल्यांनी 1999 मध्ये नवं ईआरपी घाईत, नेमकं हॅलोविनच्या सीझनआधी चालू केलं आणि गोदामात माल असून 10 कोटी डॉलरच्या आसपासच्या ऑर्डरी वेळेत जाऊ शकल्या नाहीत. आपल्याकडे दिवाळीआधीचा महिना तसलाच.

सोबत एका कागदावर लिहून काढा, मशीन कोण थांबवू शकतो, फर्स्ट पीस कोण पास करतो, खराब पीस दुरुस्त करायचा (रिवर्क) की भंगारात टाकायचा (स्क्रॅप) ते कोण ठरवतो, शेड्यूलमधला क्रम कोण बदलू शकतो. जिथं जिथं तुमचं नाव येईल तिथं तिथं विचारा की हे खाली द्यायला कुठली माहिती रोज खरी मिळायला हवी. ती माहिती देणं हे ईआरपीचं काम, बाकी रिपोर्ट कितीही छान छापू देत. आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारणं बंद करा, तुम्ही स्वतः. हवं तर सिस्टिम उघडून त्याच स्क्रीनचा फोटो ग्रुपवर टाका, आकडा चुकीचा असेल तर तासाभरात कुणीतरी दुरुस्त करतो की नाही बघा.

मोजायचं काय, तर माणशी पीस एवढंच धरू नका, ते माणसं कमी करूनही वाढतं आणि मग सहा महिन्यांनी टूल रूममध्ये कोणी राहत नाही. कॉइल आत आल्यापासून माल गाडीत चढेपर्यंत किती दिवस, पहिल्या वेळेत पास किती टक्के, आणि दिलेल्या तारखेला गेलेल्या ऑर्डरी किती. तीनच आकडे, शॉपवर फळ्यावर, खडूने. फळा चालेल हो, स्क्रीन नंतर लावा.

एआय लावू का असंही शेवटी विचारलंय. डायची झीज ओळखणं, कॅमेऱ्याने बर (पत्र्याच्या कडेला राहिलेली धार) पकडणं यासाठी पुढं उपयोग आहे. पण ज्या कंपनीत रिजेक्शनचं कारण म्हणून प्रत्येक ओळीत 'अदर्स' भरलेलं असतं तिथं तो शिकणार काय? आधी 'अदर्स' हा पर्याय लिस्टमधून काढून टाका, व्हेंडरला एक फोन केला की होतं ते.

आणि व्हेंडर बदलायचाच असेल तर निदान ही पार्ट फॅमिली सुरळीत चालेपर्यंत थांबा. एएमसी (वार्षिक देखभाल करार) रिन्यू करताना नवीन मॉड्यूल घेऊ नका, त्या पैशात त्यांचा माणूस स्टोअरमध्ये बसवून घ्या, सकाळच्या शिफ्टला, कॉइल निघायच्या वेळी.